मुका सेंटर

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” मामा बाकावर मांडी घालत म्हणाले, “पण परवाच्या सामन्यात आपल्या शिडीनं नुसत्या आवाजानं समोरच्याच्या हातातला बॉल खाली पाडला.”

सराव नुकताच संपला होता. घामानं निथळणारे खेळाडू कोर्टवरच पसरले होते. घरी जायची घाई असलेल्यांनीही बुटांच्या नाड्या सोडायचं थांबवलं. शिडी तेवढा बास्केटखाली उभा होता. तो बसला की त्याचे पाय चार जणांच्या वाटेत येत, म्हणून तो आपला उभाच राही. क्लबचा नवा सेंटर. पैसे घेऊन खेळायचं हे त्याचं पहिलंच वर्ष. उंची अशी, की त्याच्याशी बोलायला माणसं आधी मान मागे टाकत आणि तेवढ्यात विषय विसरून जात.

त्याला घडवायचं काम मामांकडे होतं. म्हातारे मामा त्याच्या कोपराला जेमतेम लागत. संघाची मुख्य प्रशिक्षक त्यांची सख्खी भाची. तिची ‘मामा’ ही हाक हळूहळू सगळ्या क्लबनं उचलली होती.

भाचीनं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

“मामा, गोष्टी नंतर. मॅनेजर वर ऑफिसात खोळंबलेत. शिडीला ठेवायचं की सोडायचं, आत्ता सांगायचंय.”

“ठेवायचं.”

“वर्ष झालं, मामा.”

“अगं, एवढ्या उंच माणसाच्या डोक्यातला निरोप पायापर्यंत पोचायलाच वर्ष लागतं.”

“पायांचं कुठं म्हणतेय मी? पाय हलके झालेत, हात मऊ झालेत. तुमचीच करणी ती. पण मुका आहे हो हा! सेंटर सगळ्यांच्या मागे उभा. अख्खं कोर्ट त्याला एकट्याला दिसतं. कोण कुठून घुसतंय ते त्यानं ओरडून सांगायचं. पुढच्या चौघांच्या पाठीला काय डोळे आहेत? वर्षभर घसा फोडतेय मी, हा हूं नाही की चूं नाही.”

“लाजाळू आहे गं पोरगा.”

“मग जावई करून घ्या, सेंटर कशाला करता?” तिनं वर पत्र्याकडे बोट दाखवलं. “एकदा, फक्त एकदा याचा आवाज त्या छताला लागू दे. इथूनच वर जाते आणि ‘ठेवा’ म्हणते.”

मामांनी नाक खाजवलं. शिडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा बाकावर येऊन बसले.

“तर, कुठं होतो आपण? हां. भाचीबाई, तू त्या दिवशी घरी तापानं फणफणत होतीस, तेव्हा तूही ऐक. सामना संपत आलेला. त्यांचा तो सेंटर, रेडाच तो, डावीकडून घुसला. आणि तिथं आपला गिड्डू उभ्या उभ्या पेंगत होता.”

गिड्डू म्हणजे संघातला सगळ्यांत बुटका, शिडीच्याच खोलीत राहणारा. तो ताडकन उठून बसला. “मी? काय मामा!”

“घोरत नव्हतास, एवढंच. मग शिडी ओरडला! काय ओरडला! पंचांची शिट्टी त्यांच्या घशात गेली. बिचारे अजून शिंकले की फाउल वाजतो. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचं कानातलं यंत्र बंद पडलं आणि त्यांना ऐकू यायला लागलं. रेड्याच्या हातून बॉल सुटला, तो थेट गिड्डूच्या पायाशी.”

खेळाडू हसून हसून लोळायला लागले.

“नाही,” शिडी पुटपुटला.

“काय?” मामांनी कानामागे तळहात धरला. “वरून काही पडलं का रे?”

“तसं नव्हतं…”

“वारा असेल,” मामा म्हणाले. “तर बॉल गिड्डूच्या पायाशी, आणि गिड्डू झोपलेला. रेड्यानं आरामात वाकून बॉल उचलला, बास्केटमध्ये टाकला. हरलो आपण! सगळा दोष या गिड्डूचा. मी तर म्हणतो, भाचीबाई, कुणाला सोडायचंच असेल तर याला सोडा.”

हसू थांबलं. ‘सोडा’ हा शब्द त्या आठवड्यात कुणी गमतीत घेत नव्हतं. गिड्डू खाली मान घालून बुटाची सुटलेली नाडी बोटाला गुंडाळत बसला.

“खोटं!”

पत्र्याखालची कबुतरं फडफडत उठली. लादी पुसणाऱ्या बाईंचा दचकून बादलीला पाय लागला. वरच्या ऑफिसची खिडकी खाडकन उघडली आणि मॅनेजरांचं टक्कल बाहेर आलं.

“साफ खोटं, मामा!” शिडी बास्केटखालून पुढे आला होता. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. “रेडा डावीकडून नाही, उजवीकडून आला! गिड्डू बरोब्बर जागेवर होता! त्याच्या पाठीमागे त्यांचा दुसरा येऊन खांबासारखा उभा राहिला, तो याला दिसणार कसा? वळला आणि त्याच्यावरच आपटला! मला दिसत होता तो! एकट्या मला दिसत होता!”

भाची तोवर अर्धा जिना चढून गेली होती.

“आणि मी ओरडलोबिरडलो काही नाही!” शिडी छत हादरवत ओरडला. “तोंडच उघडलं नव्हतं मी!”