जेवणाच्या वेळचा टँकर

कस्तुराबाईची अकरा महिन्यांची नात मोबाइल न बघता वाटीभर खिचडी जेवली. पण ते अजून घडलंच नाही असं समजून पहिल्यापासून सांगू. मोबाइलवर गाणं लागल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, आणि अंगणवाडीताईंनी मोबाइल बंद करायला सांगितलेलं. सकाळपासून लेकरू उपाशी. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. घागरी आदळल्या, रांगेतल्या दोघी बायांची जुंपली. “सरक की गं, टँकर काय तुझ्या माहेराहून आलाय?” ऐकून नातीनं आ वासला. कस्तुराबाईनं घास भरवला. पुन्हा भरवला. वाटी संपली, टँकरही संपला. “माय, घागर कोरडीच की!” लेक शेषेराव ओरडला. “राहू दे रं, लेकरू जेवलं!” शेषेरावानं अर्ज लिहिला: “जिल्हाधिकारी, उदगीर जिल्हा (कधी झालाच तर) यांस. टँकर रोज तीनदा, जेवणाच्या वेळी, रिकामा का होईना, पाठवावा. भांडणाची व्यवस्था ग्रामस्थ करतील. ही विनंती.”