जुनी मोटर परत करायची मुदत

बयाबाईने बँकेचं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं.

“मोटर बिघडलीया, मालक. हात लावला की झटका बसतुया. वारंटी या महिन्याअखेर हाय न्हवं?”

धैर्यशीलने मान वर केली आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. मुरगूडच्या याच बाईने सहा महिन्यांपूर्वी याच काउंटरवर पायातली चप्पल आपटली होती. ‘खुनी’ म्हणून ओरडली होती. गिऱ्हाइकांनी मोबाइल काढले आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या जिल्ह्याने ती गंमत पाहिली. अजूनही रंकाळ्यावर फिरताना कुणी हसलं, की आपल्यालाच हसतंय असं त्याला वाटायचं.

तिने त्याच्याकडून म्हशींचं दूध काढायची दोन मशीनं एकाच दिवशी घेतली होती. त्यातल्या एकाच्या मोटरीचा शॉक लागून तिचा मुलगा जोतीराम जागीच गेला. पोलिसांनी धैर्यशीलकडे खुलासा मागितला. मोटरीत काही दोष नाही, मयताने ओल्या हाताने हाताळली, असं त्याने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. प्रकरण थंड पडलं. जोतीरामला तो दोन दिवसांत विसरला, चप्पल मात्र विसरला नाही.

आता दुसरं मशीन बिघडलं तेव्हा आली नाक मुठीत धरून, तो मनात म्हणाला.

“जुनी मोटर आणलीया?”

“न्हाय. तुमी नवी आधी देताय, जुनी मागनं घेताय, असं ऐकलंय. म्हसरांची धार थांबत न्हाय की, मालक.”

“देतो की. पण कार्डावरचे बत्तीस हजार अडकवून ठेवायचे. कापत न्हाय, नुसते अडकवायचे. सात दिवसांत जुनी मोटर आली की मोकळे. न्हाय आली तर कापले.”

बयाबाई हळूच म्हणाली, “तेवढंच हायत. सुनेच्या बाळंतपणाला ठेवल्यात.”

हे ऐकून धैर्यशीलला गार वाटलं. सहा महिन्यांत इतकं गार वाटलं नव्हतं.

नियमाने आधी मेकॅनिक पाठवून मोटर तपासायची असते. पण मेकॅनिकने एखादी सुटी वायर जोडली, की मशीन चालू आणि बाई मोकळी. तेवढी दया त्याच्याकडे शिल्लक नव्हती. त्याने कंपनीचा फॉर्म उघडला. ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ यापुढे खूण केली. ‘कारखान्यातला दोष’ यापुढेही केली. हाताळणीचा दोष लिहिला तर मोटर बदलून मिळत नाही, आणि मोटर बदलली नाही तर पैसे अडकत नाहीत.

“मोटरीचा नंबर सांगा.”

तिने कनवटीची चिठ्ठी काढली आणि एकेक आकडा वाचला. त्याने भराभर टाकला.

“तक्रार काय लिहू?”

“बॉडीत करंट उतरतुया, असं लिवा.”

त्याने लिहिलं. मशीनमध्ये कार्ड घातलं. बत्तीस हजार अडकले.

“आन पैसं कापलं, तर फारम मागं घेता येत न्हाय?”

“कापायच्या आधी मी रद्द करू शकतो. एकदा कापले, की कंपनीकडं फॉर्म बंद. मग ब्रह्मदेव आला तरी खाडाखोड न्हाय.”

तिने मान हलवली. “मग एक कागद द्या की, सही-शिक्का मारून. आडाणी माणूस मी. कुणी इचारलं तर हातात काय तरी पायजे.”

त्याने फॉर्मची प्रत काढून तिच्यावर सही केली. शिक्का जोरात मारला, आणि तो नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

“पुढल्या सोमवारी आणा मोटर, निवांत. रविवारी दुकान बंद असतंय.”

मुदत रविवारीच संपत होती. हे त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. नव्या मोटरीचं खोकं रिक्षात घालून ती निघून गेली.

तो आठवडा धैर्यशीलला फार लांब गेला. दारात टेम्पो थांबला की तो मान काढून बघायचा. बाई मोटर घेऊन आधीच आली तर? आलीच तर शटर ओढायचं, हेही त्याने ठरवून ठेवलं. ती आली नाही. सोमवारी दुकान उघडताच त्याने कॉम्प्युटर पाहिला. पैसे कापलेले, फॉर्म बंद. त्याने सगळ्या कामगारांना मिसळ मागवली.

अकराच्या सुमारास बयाबाई आली. सोबत सून राजनंदिनी होती, दिवस भरत आलेली. रिक्षावाल्याने खोकं काउंटरवर ठेवलं.

धैर्यशीलने मुद्दाम आवाज चढवला. दुकानात गिऱ्हाईक बरंच होतं आणि त्यातल्या प्रत्येकाला ऐकू जायला हवं होतं.

“उशीर झाला, मावशी! मुदत काल संपली. बत्तीस हजार गेले. आता ती जुनी मोटर घरी न्या आणि हळदकुंकू लावून पुजा!”

कुणी हसलं नाही. राजनंदिनीने सासूचा हात घट्ट धरला.

“नक्की कापलं?” बयाबाईने विचारलं.

“कापले की!”

“फारमबी बंद झाला?”

“झाला! आता काय करणार हाय तुमी?”

तिने खोकं त्याच्याकडे सरकवलं. वरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

“ही तुमची नवी. फोडलीबी न्हाय.”

धैर्यशीलने खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग जुनी कुठं हाय?”

“तुमच्याच सहीच्या कागदावरचा नंबर बघा की, मालक,” बयाबाई म्हणाली. “माझा जोतीराम गेला त्या दिसापासनं ती मोटर पोलिस ठाण्यात सील होऊन पडलीया.”