भिजूनको

पक्षाघाताचा झटका आल्यापासून दोन महिने काकांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी छत्रीचं चित्र समोर धरलं. काकू श्वास रोखून बसल्या.

काकांनी सगळा जीव ओठांत आणला. "भि... भिजूनको!"

"छत्री, काका," म्हणत बाईंनी कागदावर फुली मारली.

काकू ताडकन उठल्या. "अहो, ती फुली खोडा आधी! लेक लहानपणी असंच म्हणायची. आमच्या घरात छत्रीला आजही भिजूनकोच म्हणतात."

बाईंनी हसून फुली खोडली आणि चष्म्याचं चित्र पुढे केलं. काकूंच्या घसरलेल्या चष्म्याकडे बघत काका म्हणाले, "नाक... स्वार!"

"हाही घरातलाच शब्द का?"

"नाही हो," डोळे पुसताना काकूंना हसू आवरेना, "हा यांनी आत्ता केला!"