कुंपणाचा काटा

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि माझा सुजलेला पाय उलटसुलट करून पाहिला. "तळव्याला जखम झाली होती कधी?"

"काटा मोडला होता. चार महिन्यांपूर्वी वडिलांनीच काढला," मी म्हणाले. अण्णा शेजारीच होते.

पोलीस भरतीची धाव पंधरवड्यावर आली आणि माझ्या जांघेत गाठ उठली. अण्णा म्हणाले, "अवधाण आलंय. पायात काहीतरी मोडलं असणार." त्यांनी सुईने तळवा कोरला आणि बाभळीचा काटा माझ्या हातावर ठेवला. मी निर्धास्त धावले, निवडलीही गेले. गाठ वाढतच राहिली. विचारलं की अण्णा म्हणायचे, "काटा निघालाय ना? मग उतरेल."

"काट्याचं अवधाण आठवड्यात उतरतं," डॉक्टर म्हणाले. "हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, हॉजकिन लिम्फोमा. उपचार आहेत, पण फार उशिरा आलात."

"अण्णा, तो काटा कुठला?"

"कुंपणाचा," ते खाली बघत म्हणाले. "पायात काहीच सापडलं नाही गं. सांगितलं असतं तर तू धावली नसतीस."

बाहेर बाकावर त्यांनी माझा पाय चेपायला मांडीवर घेतला. मी तो सोडवला आणि मावत नव्हता तरी चपलेत कोंबला.