हर्योनोची गाडी पुढे

गाडी हर्योनोची होती आणि तिच्यातून उतरले पाक तुकिमान, म्हणजे आपल्याकडचे तुकिमानकाका. एवढ्यावरूनच काय ते समजायला हवं होतं. पण सालातिगा गावातल्या त्या मैदानात रविवारी सकाळी कोण कोणाकडे बघतंय! एका टोकाला गालिहची पोरं, दुसऱ्या टोकाला रुस्दीची मंडळी. पूर्वी फोनवर जुन्या कोरोलावाल्यांचा एकच ग्रुप होता. मग निवडणूक आली. गाड्यांच्या फोटोंऐवजी पुढाऱ्यांचे फोटो पडायला लागले, शिवीगाळ झाली आणि एकाचे दोन ग्रुप झाले. पुढे ते पुढारी एका टेबलावर बसून जेवलेसुद्धा. ह्यांचा अबोला काही सुटला नाही. आता भांडण गाड्यांवरून चालतं. गालिहकडे गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली हवी आणि आवाज खिडक्या हादरवणारा हवा. रुस्दीकडे कंपनीतून आलेला एक स्क्रूसुद्धा बदललेला चालत नाही.

पाक तुकिमान आधी गालिहकडे गेले, कारण तो जवळ होता.

"हर्योनो गेला रे पहाटे. दुपारच्या नमाजाआधी दफन आहे. चला, गाड्या काढा."

"आत्ताच वाचलं, पाक. फार वाईट झालं." गालिहने मागे उभ्या पोरांकडे पाहिलं. "पण पाक हर्योनो आमच्यात कुठे होते? म्हणजे, त्यांना आम्ही…"

"ग्रुपमधून काढलंत. माहितीये मला. काय केलं होतं त्यानं?"

"गाडी खाली करा म्हटलं, तर म्हणाले बायकोला चढता-उतरता येणार नाही. ते जाऊ द्या. पण रोज आपलं एकच, राजकारण सोडा, गाड्यांचं बोला. पोरांना वाटलं, हा माणूस तिकडचाच."

पाक तुकिमान मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला गेले. रुस्दी कापडाने आरसा पुसत होता.

"रुस्दी, तू तरी चल."

"आधी तिकडे गेलात. बघितलं मी."

"अरे, काय हे! माणूस मेलाय."

"वाईट मलाही वाटतंय, पाक. पण त्यांनी गाडीत एसी बसवला होता. किती समजावलं मी! मूळ गाडीला एसी नव्हताच."

"त्याच्या बायकोला, बू लास्त्रीला, दमा आहे रे. त्या बाईला धूर सोसत नाही."

"असेल हो. पण एकाला सूट दिली की सगळेच मागतात." रुस्दीने आवाज खाली केला. "आणि ते लोक आले, तर आम्ही काय त्यांच्या मागे गाड्या लावायच्या?"

"हर्योनोच्या मागे लावायच्या!" पाक तुकिमान एवढ्या जोरात ओरडले की सगळ्यांनी वळून पाहिलं. "जो जातो त्याची गाडी पुढे आणि बाकीच्या दिवे लावून मागे. इतकी वर्षं हेच करत आलो ना आपण? तुझ्या बापाला पोचवलं तेव्हा तुझ्या मागे पहिली गाडी कोणाची होती?"

रुस्दीचा हात आरशावरच थांबला. "त्यांचीच," तो म्हणाला. त्याने खिशात किल्ली चाचपली. पाक तुकिमानना वाटलं, निघाला हा.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कोणीतरी गाडी चालू केली आणि नुसतीच गुरगुरवली. काय हौस असते एकेकाला! रुस्दीचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"त्यांना आधी निघू दे," तो म्हणाला. "मग बघू."

पाक तुकिमान मैदानाच्या मध्यावर परत आले. खिशातला फोन वाजला. मग पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला. गालिहचे जोडलेले हात आले, रुस्दीचे जोडलेले हात आले. 'पाक हर्योनोंच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सगळे सोबत आहोत.' त्यांनी वर पाहिलं. दोन्ही टोकांना माना खाली होत्या आणि अंगठे चालू होते.

"अरे, मी इथे उभा आहे!" ते म्हणाले. "इथे, तुमच्यासमोर!"

दोघा-तिघांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

ते हर्योनोच्या गाडीत बसले, लुकलुकणारे दिवे लावले आणि निघाले. चौकात एका पोलिसाने टोपी काढून त्यांना वाट दिली, मागे आणखी गाड्या असतील म्हणून बराच वेळ रस्ता अडवून धरला. ते आरशात बघून पाक तुकिमानना रडू आलं. चाळीस वर्षांचा दोस्त गेला तेव्हा आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

हर्योनोच्या गल्लीत वळताना त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एरवी तिथून सायकल काढायची म्हणजे मारामार. आज शेजाऱ्यांनी मोटरसायकली घरात घेतल्या होत्या, नूडलवाल्याचा ठेला कुठेतरी हलवला होता. वाळत घातलेले कपडे, पक्ष्यांचे पिंजरे, कुंड्या, सगळं काढून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी केली होती. लोक भिंतींना पाठ लावून उभे होते.

बू लास्त्री दारात आल्या. डोळे सुजले होते, हातात फोन होता.

"सगळ्यांचे मेसेज आले हो, पाक. दोन्हीकडच्यांचे," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांना धाप लागत होती. "ह्यांना किती बरं वाटलं असतं! तुम्ही गाडी अजून जरा पुढे घेता का? मागच्यांना जागा नको?"

पाक तुकिमाननी गाडी पुढे घेतली, अगदी भिंतीला टेकेपर्यंत.