उतरलेलं विष

कपाशी फवारताना वामनरावांच्या अंगात भिनलेलं विष नागपूरच्या दवाखान्यात सकाळी उतरलं होतं. दुपारी पुन्हा चढलं. अंग धुतलं होतं, कपडे बदलले होते, इंजेक्शनं चालूच होती. डॉक्टर मयुरा धावत खाटेशी आल्या. वामनरावांची बायको देवकी दुपट्ट्यानं त्यांचा घाम टिपत होती, तान्ह्या लेकराचा टिपावा तसा.

"हा दुपट्टा कुठला?"

"ह्यायचाच हाय जी. फवारताना तोंडाले बांधला होता. म्हटलं, डोळे उघडले त घरचं काही दिसन."

डॉक्टरांनी हातमोजे घालून दुपट्टा काढून घेतला, सिस्टरला पुन्हा इंजेक्शन भरायला सांगितलं.

"सुधरून राहिले होते न मॅडम, मंग काहून उलटलं?"

फवाऱ्याचा वास येणारा दुपट्टा डॉक्टरांनी पिशवीत घालून घट्ट गाठ मारली.

"होतं असं कधी कधी. तुम्ही आधी हात धुऊन या. साबणानं, कोपरापर्यंत."