घरबसल्या पहिली

थोरलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बाबांनी फोनच तिच्यापुढे धरला. “हे बघ, मोठमोठे प्राध्यापक फुकट शिकवतायत. मग रोज एवढ्या लांब कशाला तडफडायचं?”

थोरली हिरमुसली, पण हट्टाला पेटली. आपण चांगलं करून दाखवलं की बाबांचं मन वळेल, पुढच्या वर्षी तरी ते पाठवतील, असं तिला वाटत होतं. ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून, एक कान प्राध्यापकांकडे आणि दुसरा आजोबांच्या हाकेकडे ठेवून ती वर्षभर संख्याशास्त्र शिकली. वर्षअखेरीच्या ऑनलाइन परीक्षेत हजारो मुलांतून पहिली आली.

बाबांना आभाळ ठेंगणं झालं. येईल त्याला ते निकाल दाखवत सुटले. “घरचं सगळं सांभाळून पहिली आली पोरगी! कॉलेज म्हणजे नुसतं खूळ आहे हो.” आणि धाकटीचा नुकताच झालेला कॉलेजचा प्रवेश त्यांनी स्वतः जाऊन रद्द करून टाकला.

थोरली तिची समजूत काढायला गेली. धाकटीने तिचा हात झटकला.

 

“ताई, तुला नापास व्हायला काय झालं होतं गं?”